तिसरीतली मुलगी नवीन मजकूर वाचताना अडखळते: घरच्या घरी काय करता येईल?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगी तिसरीत, जिल्हा परिषदेच्या शाळेत. पुस्तकातले धडे घडाघडा म्हणते, पण पेपरातली चार ओळखी नसलेली वाक्यं पुढे ठेवली की एकेक अक्षर लावत बसते. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी लागली की तुम्ही दोघंही दिवसभर वावरात, घरी आल्यावर चूल. तुमचं शिक्षण सातवीपर्यंत, म्हणून आपल्याला जमेल का ही धाकधूक. आणि तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये घालावं की ट्युशन लावावी, यावर घरात एकमत नाही.

शेवटचं आधी सांगतो. आत्ता कॉन्व्हेंट नको. मराठीतलं वाचन अजून बसलेलं नसताना नवी लिपी आणि घरात कुणी बोलत नाही अशी भाषा एकदम अंगावर आली, तर मूल दोन्हीकडे अर्धवट राहतं. ट्युशनमध्ये बहुतेक ठिकाणी गृहपाठ उतरवून घेतात, आणि उतरवणं तर तिला येतंच आहे. तिला गरज आहे ती रोज वीस मिनिटं एका माणसासमोर बसून, झेपेल एवढाच मजकूर मोठ्याने वाचण्याची. त्याला सातवीपर्यंतचं शिक्षण भरपूर झालं आणि जागा म्हणाल तर चुलीजवळची चालते.

मात्र सुरुवात सरावाने करू नका, आधी ती नेमकी कुठे अडते ते शोधा. एका कोऱ्या कागदावर मोठ्या, सुट्या अक्षरांत चार गोष्टी लिहा. पहिल्या ओळीत एकमेकांसारखी दिसणारी अक्षरं: घ, ध, भ, म, ब, व, थ, य, ष, प. दुसऱ्या ओळीत जोडाक्षर नसलेले दहा शब्द: कापूस, विळा, शेजारी, गाठोडं, चिमणी, कोंबडी, मुंगी, बैल, कविता, फुलपाखरू. तिसऱ्या ओळीत जोडाक्षरांचे दहा शब्द: वाट्या, कच्चा, रस्ता, पुस्तक, घट्ट, अर्धा, सूर्य, चक्र, प्रकाश, दुसऱ्या. चौथा म्हणजे पन्नास-साठ शब्दांचा, तिने कधीही न पाहिलेला उतारा. ती वाचत असताना तोंडातून ‘चूक’ हा शब्द काढू नका. प्रत्येक चूक दुसऱ्या कागदावर, तिने जशी उच्चारली तशीच टिपून ठेवा. पुढची सगळी कामं त्या कागदावरून ठरतात.

पहिल्याच ओळीत दोनापेक्षा जास्त अक्षरं चुकली तर बाराखडी पाठ असूनही अक्षरओळख कच्ची आहे. हे पुष्कळ मुलांचं होतं, कारण बाराखडी चालीवर म्हटली जाते आणि चालीत पुढचं अक्षर आपोआप येतं, डोळ्यांना काम पडत नाही. यावर उपाय एकच, क्रम मोडायचा. रोज एकच जोडी घ्या, आज घ-ध, उद्या भ-म. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूचे तुकडे कापून प्रत्येक अक्षराचे पाच-पाच तुकडे करा, मिसळा, आणि तिला दोन ढीग लावायला सांगा. पंधरा दिवसांत ही अडचण सहसा मिटते.

दुसऱ्या ओळीत ‘कविता’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. पुष्कळ मुलं तो ‘किवता’ असा वाचतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते. मूल डावीकडून उजवीकडे जातं, वाटेत वेलांटी आधी भेटते, म्हणून ती मागच्या अक्षराला लावून मोकळं होतं. हा आळशीपणा नाही, उलट मूल वाचनाचा नियम पाळतंय आणि इथे नियमच फिरतो. बोटाने वेलांटी झाकायची, ‘व’ वाचून घ्यायचं, बोट काढायचं, ‘वि’. असे पाच-सहा शब्द रोज.

जोडाक्षर नसलेले असे शब्द वाचताना आणखी एक गोष्ट कानाने पकडा. ती ‘ब… स… ला’ असं वाचते की ‘बस-ला’? आपण बोलताना ‘बसला’मधला ‘स’ पूर्ण उच्चारत नाही, पण लिहिताना तो पूर्णच लिहितो. सुटं सुटं वाचणारं मूल वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं, त्यामुळे सगळे शब्द बरोबर वाचूनही त्याला अर्थ सांगता येत नाही. पेन्सिलीने शब्दाखाली लहानशा रेघा मारून तोंडात मावतील असे तुकडे करून द्या: बस-ला, कर-वत, गा-ठोडं, फुल-पा-खरू. आठवडाभर तुम्ही रेघा मारा, पुढे तिला मारू द्या. वेग वाढवायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं की तिचं खरं अडणं तिसऱ्या ओळीत आहे. तिसरीच्या पुस्तकापासून जोडाक्षरं भराभर वाढतात आणि पहिली-दुसरीत कसंबसं चाललेलं वाचन इथे थांबतं. शाळेत सगळी जोडाक्षरं थोड्या दिवसांत उरकली जातात. घरी ती पायरीपायरीने घ्या, आणि त्याची सुरुवात स्वयंपाकघरातून होते, कारण तिथल्या वस्तूंची अनेकवचनं जोडाक्षरांनीच होतात. वाटी-वाट्या, मिरची-मिरच्या, पोळी-पोळ्या, काकडी-काकड्या, काडी-काड्या. एक वाटी समोर ठेवा, तिने ‘वाटी’ लिहायचं. दुसरी ठेवा, ‘वाट्या’. कान आणि डोळा दोन्ही सांगतात की ‘टी’चा ‘ट्या’ झाला. आठ-दहा दिवस फक्त हा ‘य’चा गट.

त्यानंतर तेच अक्षर दोनदा येणारे शब्द घ्या: कच्चा, पक्का, घट्ट, चक्की, गल्ली, फल्ली, डब्बा. मग स्त, स्क, म्ह, न्ह असे: रस्ता, पुस्तक, म्हैस, उन्हाळा. अर्धं अक्षर कसं होतं हेही इथे दाखवून द्या. उभी दांडी असलेल्या अक्षराची (त, न, प, म, ल, स, च) दांडी जाते. ‘क’ आणि ‘फ’ची शेपटी आखूड होते. ‘ट, ड, द, ह’ यांना पाय मोडावा लागतो किंवा दुसरं अक्षर त्यांच्या पोटात-पायात बसतं, म्हणून ‘द्ध’, ‘द्य’, ‘ह्म’ ही ओळखायला अवघड जातात. ती शेवटी ठेवा.

‘र’ला वेगळे आठ दिवस द्या. तो चार रूपांत येतो. ‘चक्र’ आणि ‘प्रकाश’मध्ये खाली तिरकी रेघ, ‘ट्रॅक्टर’मध्ये तोच खाली टोपीसारखा. ‘अर्धा’, ‘सूर्य’मध्ये डोक्यावर रफार. आणि ‘दुसऱ्या’, ‘भाकऱ्या’मध्ये ‘य’च्या आधी आडवा. रफाराची गोम वेलांटीसारखीच आहे: तो ज्या अक्षरावर दिसतो त्याच्या आधी उच्चारायचा. ‘अर्धा’ला ‘अधरा’ म्हणणाऱ्या मुलाला हे एकदा बोट ठेवून दाखवलं की चूक निम्मी होते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा, ही जोडी मोठ्याने चार वेळा म्हणून घ्या, फरक जिभेला कळतो. क्ष, ज्ञ, श्र, त्र सगळ्यांत शेवटी.

आता चुलीजवळच्या वाचनाकडे. रविवारी सकाळी उकडपेंडी करता ना? तीच धडा करा. पहिलं कार्ड पूर्ण जोडाक्षरविरहित लिहा, आणि ती तुम्हाला वाचून दाखवेल तसंतसंच तुम्ही करा:

‘आई, पीठ मंद आचेवर भाज. बदामी झालं की काढून ठेव. दोन कांदे चिर. कढईत तेल तापव. मोहरी तडतडू दे. कांदा घाल, लाल होऊ दे. हळद, तिखट, मीठ घाल. पीठ घालून हलव. गरम पाणी थोडं थोडं शिंपड. झाकण ठेव. वाफ येऊ दे.’

दोन रविवार हे कार्ड चाललं की दुसरं द्या, त्यात जोडाक्षरं पेरा: ‘दोन वाट्या जाडी कणीक घे. तीन हिरव्या मिरच्या चिर. मूठभर फल्लीदाणे तळ. अर्धी वाटी ताक गरम पाण्यात मिसळ. सराट्याने हलव. गुठळ्या फोड.’

पदार्थही नीट व्हायला हवा, नाहीतर तिसऱ्या रविवारी कुणी कार्ड हातात घेणार नाही. चार जणांना दोन वाट्या जाडसर कणीक, चार मोठे चमचे तेल, दोन मध्यम कांदे, दोन-तीन मिरच्या, मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे), कढीपत्ता, पाव चमचा हळद, चवीपुरतं तिखट-मीठ, एक वाटी उकळतं पाणी आणि अर्धी वाटी आंबट ताक. पीठ मंद आचेवर आठ-दहा मिनिटं, खमंग वास सुटेपर्यंत भाजायचं. कमी भाजलं तर उकडपेंडी चिकट, कच्चट लागते. पाणी एकदम ओतलं किंवा गार असलं तर गुठळ्या होतात आणि त्या आतून कोरड्या राहतात. ताक पाण्यात मिसळून, हबके मारत आणि सराटा (उलथणं) चालू ठेवत घालायचं, मग झाकून पाच-सात मिनिटं वाफ. गिरणीवरून आणलेली कणीक फार बारीक असेल तर त्यात अर्धी वाटी ज्वारीचं पीठ मिसळा, गोळा होत नाही. वरून सांभार, म्हणजे कोथिंबीर.

इथे वाचनाची परीक्षा आपोआप होते. कार्डावर ‘शिंपड’ असताना तिने अंदाजाने ‘ओत’ म्हटलं, तर परिणाम कढईत दिसतो. पाठांतराने धडा म्हणता येतो, कार्ड म्हणता येत नाही, कारण पुढचं वाक्य कळल्याशिवाय आईचा हात हलत नाही. दर तिसऱ्या रविवारी कार्डातलं एखादं वाक्य बदला (दोन वाट्यांऐवजी तीन, ताकाऐवजी लिंबू) आणि तिच्या लक्षात येतं का बघा. विस्तव आणि कढई तुमच्याकडेच. तिने मोजायचं, निवडायचं, वाचायचं.

इतर दिवशी संध्याकाळी भाकऱ्या थापताना ती समोर बसून वाचेल. आधी कालचाच उतारा पुन्हा, मग अडलेले पाच-सहा शब्द, मग नवीन सात-आठ वाक्यं. तेच तेच वाचून कंटाळेल असं वाटतं, पण साठ-सत्तर शब्दांचा एकच उतारा तीन-चार दिवस वाचल्यानेच वेग येतो, दरवेळी नवीन मजकुराने नाही. नवीन उतारा पहिल्यांदा तुम्ही किंवा मोठा भाऊ ओळीखाली बोट ठेवून वाचा, मग दोघांनी बरोबर, मग तिने एकटीने. मजकूर झेपतो का हे ओळखायची खूण सोपी आहे: पन्नास शब्दांत दोन-तीन चुका असतील तर योग्य, पाच-सहाच्या वर गेल्या तर जड. जड असेल तर खुशाल दुसरीचं, अगदी पहिलीचं पुस्तक घ्या. वरच्या इयत्तेची लाज धरून तिसरीचंच पुस्तक समोर ठेवणं ही घरोघरी होणारी चूक आहे.

ती अडली की लगेच शब्द सांगू नका. मनात पाचपर्यंत मोजा. तरी जमलं नाही तर पहिला तुकडा सांगा, तेवढ्यानेही नाही जमलं तर पूर्ण शब्द सांगून पुढे चला. अर्थ न बदलणारी चूक वाक्य संपेपर्यंत सोडून द्या. ‘समजलं का?’ हा प्रश्न विचारू नका, त्याला सगळी मुलं हो म्हणतात. त्यापेक्षा ‘मग त्याने काय केलं?’, ‘असं का केलं असेल?’, ‘आपल्या गोठ्यात असं झालं तर?’ असे विचारा. आजीला वाचता येत नसेल तर फारच चांगलं. वाचता न येणाऱ्या माणसाला गोष्ट वाचून दाखवताना मूल अर्थ लागेल असंच वाचतं, कारण आजी मध्येच थांबवून विचारते.

आपल्या बोलीबद्दल एक गोष्ट, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. ‘डोळा’ला ती ‘डोया’ वाचत असेल, ‘पाणी’ला ‘पानी’, ‘मला’ला ‘मले’, तर तिने शब्द ओळखला, अर्थ लावला आणि आपल्या तोंडच्या बोलीत सांगितला. ही वाचनाची चूक नाही. तिथे टोकलं तर मूल आवाज बारीक करतं, मग वाचणंच टाळतं. उलट बोलीचाच उपयोग करा. दिवसभरातलं काहीही तिला सांगू द्या आणि भावाने ती बोलते तसंच लिहावं: ‘आमच्या गाईले वासरू झालं. ते गोठ्यात पयते.’ स्वतःचंच वाक्य असल्याने ती ते लगेच वाचते. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी पुस्तकातल्या भाषेत लिहा: ‘आमच्या गाईला वासरू झालं. ते गोठ्यात पळतं.’ दोन्ही वाक्यं वहीत राहू द्या. ज्या घरांत कोरकू, कोलामी, गोंडी किंवा गोरमाटी बोलतात तिथे तर हाच मार्ग आधी घ्यावा लागतो, नाहीतर मुलाला अक्षरं येतात आणि शब्दांचा अर्थ माहीत नसतो.

वाचायला काय द्यायचं? शाळेत गोष्टींची पुस्तकं कपाटात किंवा पेटीत असतात. बाईंना किंवा सरांना भेटून दर शनिवारी एक पुस्तक घरी द्यायला सांगा, जबाबदारी आम्ही घेतो म्हणा. बालभारती १९७१ पासून ‘किशोर’ मासिक काढते, त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यातल्या लांब कथा तिसरीच्या मुलीला जड जातील, पण कोडी, विनोद, चित्रकथा आत्ताही चालतील. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रपुस्तकं चार पातळ्यांत लावलेली आहेत. पहिल्या पातळीपासून सुरू करा. गावात नेटवर्क नसेल तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेल्यावर चार-पाच उतरवून घ्या. एसटीच्या पाट्या, किराण्याची यादी, पेपरचे मथळे, लग्नपत्रिका हेही वाचनच. फक्त फवारणीच्या औषधांचे डबे आणि पुड्या वाचनासाठीही मुलांच्या हातात देऊ नका, रिकामे असले तरी.

वेग महिन्यातून दोनदाच मोजा, रविवारी, मोबाईलवर एक मिनिट लावून, तिच्या पातळीच्या न वाचलेल्या उताऱ्यावर. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत असं उद्दिष्ट आहे. आज ती वीस-पंचवीसवर असेल तर घाबरू नका, पण उद्दिष्ट डोळ्यांपुढे असू द्या. तिसरी-चौथीत वर्गात अडवत नाहीत म्हणून मागे पडलेलं मूल दिसत नाही, आणि राज्यात २०२३ पासून पाचवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. म्हणजे हातात अजून वेळ आहे, आणि तो आत्ताच वापरायला हवा.

वेचणीत एक गोष्ट निक्षून पाळा: शाळेच्या दिवशी तिला वावरात नेऊ नका आणि लहान्याला सांभाळायला घरी ठेवू नका. आठवड्यातले दोन दिवस बुडाले की बाई जोडाक्षराचा जो गट शिकवतात तोच नेमका सुटतो, आणि घरची वीस मिनिटं ते भरून काढू शकत नाहीत. लहान्यासाठी अंगणवाडीत किंवा शेजारी सोय लावा.

सकाळी ती काय खाऊन जाते हेही बघा. शाळेतल्या दुपारच्या जेवणात पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनांचं प्रमाण ठरलेलं आहे, पण ते दुपारचं. चहा-टोस्टवर गेलेलं मूल मधल्या सुट्टीआधीच जांभया देतं आणि आपल्याला वाटतं अभ्यासात लक्ष नाही. रात्रीच्या पोळीचा फोडणीचा कुस्करा, जवसाच्या चटणीबरोबर भाकरी किंवा हीच उकडपेंडी द्या, चहा नंतर कधीतरी. शाळेतून आठवड्याला मिळणारी लोहाची गोळीही जेवणानंतरच, आणि चहाबरोबर नाही, कारण चहामुळे लोह नीट अंगी लागत नाही.

पुस्तक डोळ्यांच्या फार जवळ धरते का, फळ्यावरचं उतरवताना शेजारणीच्या वहीत बघते का, मागून हाक मारली तर ऐकते का, हे आठवडाभर पाहा. शंका वाटली तर ग्रामीण रुग्णालयात डोळे-कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा.

आणि रोजचा सराव, पूर्ण हजेरी, डोळे-कान ठीक असं सगळं असूनही दोन-अडीच महिन्यांत अक्षरंच टिकत नसतील, आज आलेलं उद्या पुसलं जात असेल, तर मारून-रागावून काही होणार नाही. वर्गशिक्षकांना चुका टिपलेला तो कागद दाखवा आणि पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडून तपासणी करून द्या म्हणा. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, त्यामुळे मदत मागणं हा तुमचा हक्क आहे. जाताना या काळात चुका टिपलेले सगळे कागद, तारखा घालून, बरोबर न्या. कुठल्या प्रकारची चूक कमी झाली आणि कुठली तशीच राहिली, हे त्यावरून त्यांना पहिल्याच भेटीत कळतं.